नगर रोडवरचं विद्यापीठ



येरवड्याचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला तुरुंग आठवतो. वाचणारा असला तर त्याच तुरुंगात झालेला 1932 चा पुणे करार. इथून नगर रोडला लागून आगाखान पॅलेस मागे टाकला की रामवाडीला पेपल सेमिनरीचं आवार लागतं. तिथलं ज्ञानदीप विद्यापीठ जेझुइट या कॅथलिक संघाच्या हाती आहे. धर्मगुरू होऊ पाहणारे तरुण तिथे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकतात. देशभरातून येतात ते, आणि लॅटिन, सिरो-मलबार, सिरो-मलंकार अशा तिन्ही उपासना-परंपरांतले असतात.

ही सेमिनरी मूळची पुण्याची नव्हे. पोप तेरावे लिओ यांनी 1893 साली तिची स्थापना केली ती सिलोनमधल्या कँडीला. भारतातलं धर्मकार्य भारतातल्याच मुलांच्या हाती यावं, कायम युरोपच्या तोंडाकडे बघायची वेळ येऊ नये, हा हेतू. पुढे भारत स्वतंत्र झाला, सिलोनही झालं, आणि 1955 मध्ये संस्था पुण्याला आली. 62 वर्षांचं बस्तान उठवायचं म्हणजे खायचं काम नव्हे. पण भारतासाठी काढलेली संस्था भारतातच असणं हा संस्थापकाचा मान राखण्याचा सरळ मार्ग होता. त्याच्या तसबिरीला वर्षातून एकदा हार घालण्यापेक्षा नक्कीच अवघड.

जवळच जेझुइटांचं डी नोबिली कॉलेज आहे. रॉबर्टो डी नोबिली हा इटालियन धर्मगुरू 1606 मध्ये मदुराईला पोचला. संन्याशाची वस्त्रं घातली, मांसाहार सोडला, तमिळ आणि संस्कृत शिकला. झालं! विरोध घरातूनच सुरू झाला. काही सहकाऱ्यांनी थेट रोमपर्यंत तक्रारी नेल्या. जानवं आणि शेंडी ठेवून ख्रिस्ती होता येईल का, यावर वर्षानुवर्षं खल चालला. 1623 मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी कौल दिला तो डी नोबिलीच्या बाजूने. कॉलेजला नाव द्यायला निर्विवाद संत पुष्कळ होते. निवडला गेला तो हा वादग्रस्त माणूस. संस्थेला आपला वारसा कसा दिसतो, ते अशा निवडीतून कळतं.

मात्र वारसा म्हटला की सोयीचं तेवढंच उचलून चालत नाही. जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचा मराठीला अभिमान आहे. 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूरला ते रोमन लिपीत छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! देवनागरीत ते पुण्यात निघालं 1956 साली, शांताराम बंडेलूंच्या संपादनाखाली. पण स्टीफन्स ज्या सासष्टीत राहिले, तिथे पोर्तुगीज अमलात देवळं पाडली गेली. 1583 मध्ये तिथल्याच कुंकळ्ळी गावच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केलं. नंतर पोर्तुगीजांनी गावकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलण्यासाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावून घेतलं आणि मारलं. ओव्या आणि असोळणे एकाच इतिहासात आहेत. कॅथलिक विद्यापीठाच्या वर्गात दोन्ही शिकवली गेली पाहिजेत, आणि आपल्या शाळेतही.

आता तुमच्या दारातली गोष्ट. गी देल्युरी नावाचे एक फ्रेंच जेझुइट महाराष्ट्रात आले आणि वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट चालले. तुकोबांचे अभंग त्यांनी फ्रेंचमध्ये नेले. पॅरिसमध्ये ते पुस्तक 1956 साली निघालं. मग विठोबाच्या उपासनेवर आणि वारीवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला, ‘द कल्ट ऑफ विठोबा’. पंढरपूरचा देव, त्याचे संत, पालखीबरोबर चालणाऱ्या दिंड्या हा त्याचा विषय. एका कॅथलिक धर्मगुरूचा हा ग्रंथ 1960 मध्ये प्रसिद्ध केला तो कुठल्या चर्चने नव्हे, तर आपल्याच येरवड्यातल्या डेक्कन कॉलेजने.