पुरात बुडालेली गाडी

श्रोतेहो, सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, मला गाडी चालवता येत नाही. सायकल येते, वेळ पडली तर होडी वल्हवता येते. बीए होईपर्यंत एसटीच्या खिडकीशी बसून कविता केल्या, तेवढाच माझा मोटारीशी संबंध. तरीही आज मी बोलणार आहे ते घरच्या घरी, थोड्या पैशांत गाडी बांधण्याविषयी. कारण आमच्या तुडीलच्या घरात दीड वर्ष याशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि माझे चाळीस हजार रुपये त्यात अडकले होते.

तुडील महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यात आहे. आमच्याकडे घरटी एखादा माणूस आखातात असतो. माझा भाचा कुवेतला एका गॅरेजात चौदा वर्षं होता. २०२० साली कोरोनात काम बंद पडलं आणि तो परत आला. बरोबर दोन बॅगा आणि पाने-पकडींची एक पेटी. पेटी बॅगांपेक्षा जड होती. तिच्या तळाशी मासिकातून कापलेली चित्रं होती: जुन्या फोर्ड गाड्या, पुढच्या चाकांवरचे मडगार्ड काढलेले, टप कापून बुटकं केलेलं, इंजिन उघडं. मी विचारलं, "ही अपघातातली का रे?" तो हसून म्हणाला, "मामू, हिला हॉट रॉड म्हणतात. ही मुद्दाम अशी केलेली असते."

मग त्याच्याकडून आणि थोडं वाचून मला कळलं ते असं. १९३० नंतरच्या काळात अमेरिकेत कॅलिफोर्नियातली साध्या घरची पोरं भंगाराच्या भावानं जुन्या फोर्ड घ्यायची. नवी वेगवान गाडी परवडत नव्हती. म्हणून जे जे वजन वाढवतं ते काढून टाकायचं आणि इंजिन जमेल तेवढं ताकदवान करायचं. १९३२ साली फोर्डनं आठ सिलिंडरचं, ६५ अश्वशक्तीचं इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत बसवलं, आणि या पोरांना खजिनाच सापडला. म्युरॉक नावाच्या आटलेल्या तळ्याच्या सपाट तळावर ते शर्यती लावत. दुसरं महायुद्ध संपलं, सैन्यात यंत्रं हाताळायला शिकलेले तरुण घरी आले, आणि हा नाद देशभर पसरला. १९४८च्या जानेवारीत त्यावर स्वतंत्र मासिकही निघालं. म्हणजे मूळ गोष्ट श्रीमंतांची नाहीच, हात चालणाऱ्या आणि खिसा न चालणाऱ्या माणसांची आहे.

आमच्याकडे तो खजिना आणून दिला पुरानं. २२ जुलै २०२१ची ती रात्र महाडकर विसरणार नाहीत. सावित्री, गांधारी आणि काळ नदीचं पाणी शहरात शिरलं ते घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत. पाणी ओसरलं तेव्हा गल्लोगल्ली चिखलानं भरलेल्या गाड्या उभ्या होत्या. कितीतरी जणांचा तोच रोजगार होता. त्या दिवसांत लोकांना मदत म्हणून भाचा गाड्या उघडून द्यायला जायचा. पुरात बुडालेल्या गाडीची किल्ली कधीही फिरवू नये, हे तो प्रत्येकाला हात जोडून सांगायचा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. मग आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि वाचण्यासारखं इंजिन मरतं. आधी प्लग काढायचे, हातानं इंजिन फिरवून पाणी बाहेर पडू द्यायचं, ऑइल काढून बघायचं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं की समजायचं, पाणी आत गेलंय. पण बहुतेकांनी आधीच घाईघाईनं सेल्फ मारलेला असायचा.

अशीच एक मारुती ओम्नी त्यानं अठरा हजारांना घेतली. मालकानं पेणच्या आरटीओत कळवून तिची नोंदणी रद्द करून घेतली होती, त्याचा कागद मागून घेतला. हे मी मुद्दाम सांगतो. भंगार घेताना माणसं भाव करतात, पण कागद मागत नाहीत.

ओम्नीच का? माझ्यासारख्याला ती रुग्णवाहिका किंवा हिंदी सिनेमातल्या गुंडांची गाडी म्हणून ठाऊक. पण भाच्याचं गणित वेगळं होतं. मारुती ८०० पुढच्या चाकांवर चालते, ओम्नी मागच्या. इंजिन, मग गिअरबॉक्स, मग लांब शाफ्ट, मग मागचा अॅक्सल, सगळं एका रेषेत. जुन्या फोर्डची मांडणी हीच. इंजिन दोघींचं सारखंच, ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ताकद जेमतेम ३५ अश्वशक्ती. "एवढ्यानं काय होणार?" मी विचारलं. त्यानं वहीवर लिहून दाखवलं. ओम्नीचं वजन आठशे किलोच्या आसपास. सगळा पत्रा काढला आणि हलका सांगाडा केला तर गाडी पाचशेच्या आत येते. म्हणजे दर हजार किलोमागे पूर्वी पंचेचाळीसच्या आत अश्वशक्ती होती, ती आता सत्तर होते. इंजिनाला हात न लावता! कवितेत आम्ही फालतू शब्द काढतो, तसं असावं. पण हे मी त्याच्यासमोर बोललो नाही, त्याला उपमा आवडत नाहीत.

त्याच सुमारास, डिसेंबर २०२१मध्ये, देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांची बातमी आली. देवराष्ट्रे हे सांगली जिल्ह्यातलं, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. लोहारांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातल्या सामानातून छोटी जीप बनवली होती. खर्च साठ हजारांच्या आसपास, स्टिअरिंग डाव्या हाताला, आणि सुरू व्हायची ती मोटारसायकलसारखी किक मारून! उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं. बरोबर हेही म्हटलं की नियमात बसत नसल्यानं आज ना उद्या ती अडवली जाईल, तर मी बदल्यात नवी बोलेरो देतो. घरच्यांना आधी ती गाडी द्यावीशी वाटत नव्हती, असं छापून आलं होतं. शेवटी जानेवारी २०२२मध्ये बोलेरो त्यांच्या दारात आली.

माझी बहीण त्या दिवशी खूश. "भाय, आपल्या पोराची पण कुणीतरी घेऊन जाईल." भाचा आतून ओरडला, "मी देणार नाही." गाडी तेव्हा म्हणजे अंगणातले चार पाइप होते.

मला त्या अदलाबदलीचा आनंद झाला आणि थोडं चुकल्यासारखंही वाटलं. बोलेरो चांगलीच गाडी आहे. पण बोलेरो पैसे भरून कुणालाही मिळते. लोहारांची जीप एकच होती.

आता खर्चाचं. वही माझ्यासमोर आहे. ओम्नी अठरा हजार. तिचं मूळ इंजिन गाळानं गेलं होतं, आणि ते पेट्रोल इंजेक्शनचं, त्याचा इलेक्ट्रॉनिक मेंदू पाण्यात कायमचा मेलेला. म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनं, कार्बोरेटरचं इंजिन बिलासकट चौदा हजारांना आणलं. चौकोनी पाइप, अँगल आणि पत्रा साडेबारा हजार. टायर दहा हजार. सीट मात्र पंधराशेत, बंद पडलेल्या सलूनच्या खुर्च्या. रंग, वायरिंग, बॅटरी, रेडिएटर, सायलेन्सर धरून शेवटची बेरीज ९७ हजार. यात त्याची मजुरी नाही. चौदा महिन्यांची मजुरी धरली असती तर त्या पैशात चांगली जुनी मोटार आली असती, हे माझे मेहुणे रोज जेवताना सांगत.

एका रकान्यावर मात्र भाच्यानं लाल शाईनं चौकट केली होती: ब्रेक आणि स्टिअरिंग. तिथे सगळं नवं. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, लायनर, ब्रेकचे पाइप, बेअरिंग, टायरॉडचे जॉइंट, साडेसतरा हजारांचं सामान. सीट सलूनची चालेल, ब्रेक भंगारातला चालणार नाही, असा त्याचा कायदा. पुराच्या पाण्यातली माती बेअरिंगमध्ये बसली की बाहेरून काही दिसत नाही, आतून ते खात राहतं.

एवढी काळजी घेऊनही चूक झालीच, आणि ती पैशांमुळे नव्हे, पावसामुळे. सांगाड्याचं पुढचं वेल्डिंग त्यानं २०२२च्या पावसाळ्यात केलं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर मीठसुद्धा पाझरतं. वेल्डिंगचे रॉड दमट झाले तर जोडात बारीक बुडबुडे राहतात. वरून जोड भरलेला दिसतो, आतून पोकळ. हे त्याला माहीत होतं. म्हणून तो रॉड बहिणीच्या नानखटाईच्या ओव्हनमध्ये शेकून घ्यायचा आणि तिची बोलणी खायचा. पण एके दिवशी वीज नव्हती. जनरेटर भाड्यानं आणला होता, त्याचं भाडं तासावर चढत होतं. त्यानं तसेच चार जोड मारले.

जानेवारी २०२३मध्ये आमच्या चुलत्यांच्या माळावर पहिली चाचणी झाली. भोवताली गडगा, वाट बंद केलेली. त्याचा दहा वर्षांचा मुलगा शेजारी बसायचा हट्ट धरून होता. मीच म्हणालो, "बसू दे रे, एवढा हळू तर जाणार आहेस." भाच्यानं ऐकलं नाही, मुलाला माझ्या हातात दिलं. दुसऱ्याच वळणावर कड् असा आवाज आला आणि डावं पुढचं चाक आत वळून झोपलं. मुलाच्या बाजूचं चाक. गाडी सायकलच्या वेगात होती म्हणून नुसती नांगरासारखी घासत थांबली. भाच्याला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या रात्री मी जेवलो नाही. मुलाला बसू दे म्हणणारा मी होतो.

भाच्यानं दुसऱ्या दिवशी काही न बोलता ग्राइंडर घेतला आणि ते चार नव्हे, पुढचे सगळे जोड कापून काढले. कोरड्या हवेत, कोरड्या रॉडनं, प्रत्येक कोपऱ्याला आतून त्रिकोणी पट्टी देऊन पुन्हा जोडले. मग महाडच्या एका वेल्डरला बोलावलं आणि म्हणाला, "चुका काढा, त्याचे पैसे देतो." त्यांनी दोन काढल्या. डोक्यामागे जाड पाइपाची कमान, सीटबेल्ट आणि आग विझवायचा लाल डबा हे त्यानंतर आलं.

तुम्ही विचाराल, ही गाडी रस्त्यावर येते का? नाही. मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक जागी चालवता येत नाही. कंपनीनं बनवलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफारही करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. नवीन गाडी म्हणून नोंदवायची तर नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यावा लागतो. ती तपासणी कारखान्यांसाठी आहे, तिचा खर्च अंगणातल्या मिस्त्रीला पेलणारा नाही. इंग्लंडमध्ये घरी बांधलेली एकच गाडी तपासून तिला नंबर देण्याची सोय आहे. गंमत बघा, कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर अमोल यादवांनी विमान बांधलं. त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं, पण २०१७ साली त्या विमानाची नोंदणी झाली. आणि इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९पासून 'मीरा' नावाची छोटी मोटार पुन्हा पुन्हा सुधारून बांधली, १९७५च्या सुमारास ती बारा हजारांत देता येईल असं म्हणत होते, ती मात्र कारखान्यापर्यंत पोचली नाही.

चाक निखळलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे कायद्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. मुंबई-गोवा रस्त्यावर ते निखळलं असतं तर? पण 'येऊ नका' म्हणणारा कायदा 'तपासून घ्या, मग या' असंही म्हणू शकतो. लोहारांना बोलेरोपेक्षा एखादा तपासनीस मिळाला असता तर मला जास्त आवडलं असतं.

२०२३च्या एप्रिलमध्ये, रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी, गाडी माळावर पुन्हा धावली. लाल रंग, पुढे लांब नाक, मडगार्ड नाहीत. बहिणीनं लांबूनच दुवा फुंकली. भाच्यानं आधी एकट्यानं वीस फेऱ्या मारल्या, प्रत्येक फेरीनंतर खाली झोपून जोड बघितले. मग मुलाला बेल्ट बांधून बसवलं. मेहुणे गडग्यावर बसून हिशेब विसरले होते. मला बसवलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले, हे इथेच कबूल करतो. वारा तोंडावर, धूळ दातांत, आणि तीन सिलिंडरची ती फडफड पाठीच्या कण्यातून.

जूनमध्ये भाच्याला पुन्हा कुवेतचा व्हिसा आला आणि तो गेला. माझे चाळीस हजार त्यानं सहा महिन्यांत पाठवले. गाडी पडवीत ताडपत्रीखाली आहे. जाताना त्यानं मला वहीचं शेवटचं पान फाडून दिलं: दर आठवड्याला सुरू करायची, चोक किती ओढायचा, दहा मिनिटं चालू ठेवायची, बॅटरीची वायर कुठली आधी काढायची. दर शुक्रवारी नमाज झाली की मी पान समोर धरून बसतो. पावसाळ्यात ती चौथ्या-पाचव्या सेल्फला उठते. तोवर त्याचा मुलगा शेजारच्या सलूनच्या खुर्चीत बेल्ट बांधून तयार असतो, आणि गाडी जागची हलणार नाही हे माहीत असूनही मला म्हणतो, "आजोबा, हळू हां."