निःशब्द रुग्णाची जाणीव
(सोनगीर येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेले भाषण)



वैद्यकातील एका नव्या शोधाविषयी चार शब्द बोलण्याची मंडळाची आज्ञा आम्ही शिरसावंद्य मानतो. विषय कठीण आहे, परंतु परका नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या सोनगीरवरून जातो. अपघातात डोक्यास जबर मार लागलेला, डोळे उघडे परंतु हाकेस ओ न देणारा माणूस उद्या कोणाच्याही घरी अंथरुणावर असू शकेल. त्याच्या उशाशी बसणाऱ्यांना एकच प्रश्न छळतो : याला आमचे काही कळते आहे काय?

जागेपण निराळे आणि जाणीव निराळी. कोमामध्ये डोळे मिटलेले असतात. पुढे काही रुग्ण डोळे उघडतात, झोपतात, जागे होतात. पण जाणिवेची खूण दाखवीत नाहीत. दुसऱ्या काहींत ती खूण असते, परंतु क्षीण व अनियमित. कधी नजर माणसामागे फिरते, कधी सांगितल्याप्रमाणे बोट हलते. ही खूण हुकणे फार सोपे आहे. बेल्जियममधील संशोधकांनी 2009 साली असे 44 रुग्ण पुन्हा तपासले. त्यांना जाणीव नाही, असे डॉक्टरांचे मत झालेले होते. ठरावीक मोजपट्टीने काळजीपूर्वक पाहता त्यांपैकी 18 जणांत जाणिवेच्या खुणा आढळल्या.

आणि शरीर मुळीच हलत नसेल तर? 2006 साली केंब्रिजचे शास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांनी अपघातग्रस्त अशा एका तेवीस वर्षांच्या तरुणीस एम.आर.आय. यंत्रात ठेवून सांगितले, ‘आपण टेनिस खेळत आहोत, अशी कल्पना करा’. नंतर, ‘आपल्या घरातील खोल्यांतून फिरत आहोत, अशी कल्पना करा.’ मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्तपुरवठा वाढतो आणि तो बदल या यंत्रास टिपता येतो. निरोगी माणसात जे भाग जागृत होतात, तेच तिच्यातही झाले. 2010 साली 54 रुग्णांवर असाच प्रयोग झाला, तेव्हा पाच जणांनी प्रतिसाद दिला. त्यांतील एकाने तर एक कल्पना ‘होय’साठी व दुसरी ‘नाही’साठी वापरून प्रश्नांची उत्तरे दिली!

तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात एक गोष्ट सांगावयास नको : रिकामे भांडे वाजते, भरलेले वाजत नाही. आवाज नाही म्हणून आत काही नाही, असे कोणी म्हणत नाही.

2024 साली सहा केंद्रांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. सांगितलेले काहीही करून न दाखविणाऱ्या 241 रुग्णांपैकी 60 जणांच्या, म्हणजे चौघांतील एकाच्या, मेंदूने आज्ञा पाळल्याचे एम.आर.आय. किंवा मेंदूच्या विद्युत्‌लहरींच्या तपासणीत दिसले. परंतु यंत्रासही मर्यादा आहेत. जे 112 रुग्ण उघडपणे सांगितलेले करीत होते, त्यांपैकी केवळ 43 जणांचाच प्रतिसाद यंत्राने टिपला. म्हणजे यंत्राने ‘आहे’ म्हटले तर तो भक्कम पुरावा होय. ‘दिसत नाही’ म्हटले, तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही.

अशा प्रसंगी महाराष्ट्रास अरुणा शानबाग यांचे स्मरण होणे साहजिक आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर 27 नोव्हेंबर 1973 रोजी क्रूर हल्ला झाला. त्यानंतर 18 मे 2015 रोजी मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांचे अन्न थांबवावे ही विनंती सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी नाकारली. त्यांच्या अंतरंगाविषयी आज तर्क करणे उचित नव्हे. परंतु उत्तर हाती नसतानाही माणसास माणूस मानून वागता येते, हे त्या परिचारिकांनी एकेचाळीस वर्षे दाखविले.

यांतून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट, एका तपासणीवर निकाल मानू नये. रुग्ण ताजातवाना असताना, गुंगीच्या औषधांचा अंमल नसताना, निरनिराळ्या दिवशी पुनःपुन्हा तपासावे, असे डॉक्टरांस नम्रपणे विनवावे. दुसरी, त्याच्याशी नाव घेऊन बोलावे आणि त्याच्या उशाशी वाटणीच्या वा मरणाच्या गोष्टी काढू नयेत. तिसरी, खोट्या आशेवर शेत विकून गंडेदोऱ्यांमागे धावू नये. जाणीव आढळणे म्हणजे बरे होणे नव्हे. उपचार थांबविण्याविषयी आपली इच्छा आधी लिहून ठेवण्यास 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली आहे. धडधाकट असतानाच घरात तो विषय बोलावा.

शेवटची विनंती मंडळास. अशा घरी पहिले काही दिवस भेटणाऱ्यांची रीघ लागते, आणि पुढे सारा भार एकट्या पत्नीवर वा मातेवर पडतो. ज्ञातीने पाळी लावून त्या घरी रोज एक माणूस पाठविला, तर त्या माउलीस चार घटका झोप मिळेल आणि रुग्णाच्या कानी एक ओळखीचा आवाज पडेल. त्यास यंत्र लागत नाही. हे कार्य मंडळाने अंगावर घ्यावे, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.