दगडाच्या ओळखीने जुळलेली माणसे
(चांदे, तालुका मुळशी, येथे भरलेल्या आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आमच्यासारख्या सामान्य कुटुंबास या व्यासपीठावरून दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हा आमचा गौरव आहे असे आम्ही समजतो. वस्तुतः आम्ही वक्ते नव्हे. दगड फोडणाऱ्याच्या घरी जन्म झाला, पुढे चार अक्षरे शिकून शाळेत शिक्षकाची नोकरी केली आणि आता निवृत्त होऊन आपल्या याच चांदे गावी राहिलो आहोत. गतवर्षी जून महिन्यात आम्ही उभयतां फ्रान्स देशी जाऊन आलो. त्या प्रवासाची हकीकत सांगावी, असा चिटणीसांचा आग्रह पडला. परंतु केवळ विमान कसे होते आणि जेवण कसे होते हे सांगून आपला वेळ घेण्याची आमची इच्छा नाही. त्या प्रवासातून एक प्रश्न आम्ही बरोबर घेऊन आलो आहोत. तो आपणांपुढे ठेवावा, एवढाच हेतू आहे.

आम्ही जाणार असे कळले तेव्हा वस्तीतील एक वृद्ध गृहस्थ हसून म्हणाले, "गुरुजी, जन्मभर दगडच पाहिला, आता दगड पाहायला सातासमुद्रापार चाललात काय?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही दगडच पाहावयास चाललो होतो. आणि त्याहूनही अधिक, दगडाच्या ओळखीने स्नेही झालेल्या माणसांस भेटावयास चाललो होतो.

याचे मूळ आमच्या वडिलांकडे जाते. पाषाण-सूसची टेकडी ओलांडली की आपले नांदे-चांदे लागते. त्या पाषाणच्या खाणीत वडिलांनी घण, पहार आणि सुतकी चालविली. सुरुंग उडाला आणि धूळ बसली, की कधी कधी काळ्या पत्थराच्या पोटात एखादी पोकळी उघडी पडे आणि आत पांढऱ्या, गुलाबी, क्वचित हिरव्या गारा चमकत. ठेकेदारास खडी हवी असे. गारांचे त्यास काय? मात्र अधूनमधून एखादा व्यापारी येई, मजुरांस चार-दोन रुपये देई आणि गारा कापसात गुंडाळून नेई. वडिलांनी एक हिरवी गार मात्र विकली नाही. पागोट्याच्या शेवात बांधून ती त्यांनी घरी आणली आणि आईने ती देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेविली. पुढे धुळीने छाती भरून वडील खोकतच गेले. ती गार मात्र कोनाड्यात राहिली.

तिचे नाव अ‍ॅपोफिलाइट, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. मग आम्हांस या विषयाचा छंदच जडला. आपणही थोडे ऐकावे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या या भूमीवर ज्वालामुखीचा रस थरावर थर पसरला आणि निवून त्याचा काळा कातळ झाला. रस निवताना त्यातील वायूचे बुडबुडे आत अडकले. त्याच या पोकळ्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने विरघळलेली द्रव्ये त्या पोकळ्यांत आणून सोडली आणि अतिशय सावकाश त्यांचे स्फटिक जमले. स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट अशी त्यांची नावे आहेत. यांपैकी बऱ्याच स्फटिकांच्या कुळास झिओलाइट म्हणतात. इ.स. १७५६ मध्ये क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश विद्वानाने असा दगड तापविला, तेव्हा त्यातून पाण्याची वाफ निघाली. म्हणून त्याने ग्रीक भाषेतून 'उकळणारा दगड' अशा अर्थाचे हे नाव दिले. आज पाणी सुफेन करण्यास आणि खनिज तेल शुद्ध करण्यास याच जातीचे, परंतु कारखान्यात बनविलेले पदार्थ वापरतात.

आपल्या पुण्याचे नाव या शास्त्रात फार जुने आहे. इ.स. १८३१ मध्ये ब्रुक नावाच्या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाने येथून गेलेल्या एका दगडास 'पूनाहलाइट' असे नाव दिले होते. तो काही निराळा पदार्थ नव्हे असे पुढे ठरले आणि ते नाव मागे पडले. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून लोहमार्ग नेताना २५ बोगदे खोदले गेले. तेव्हा निघालेल्या गारा विलायतेतील संग्रहालयांत जाऊन बसल्या. अलीकडे, म्हणजे १९८० च्या दशकाच्या अखेरीस, वाघोलीच्या खाणींत मोरपिसासारखा निळा कॅव्हन्साइट सापडला. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांच्या आरंभीची अक्षरे जुळवून हे नाव झाले आहे. त्याचा पहिला शोध अमेरिकेतील ओरेगन प्रांतात लागला, परंतु इतके सुंदर नमुने वाघोलीसारखे अन्यत्र मिळाले नाहीत. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल त्यांस अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी मुलांस घेऊन अवश्य जावे.

आमच्या कन्येने संगणकावरून या गारांची छायाचित्रे देशोदेशींच्या छांदिष्ट मंडळींकडे धाडली आणि तेथून ओळखी जुळत गेल्या. जर्मनीतील एक निवृत्त पाववाला, प्रागकडील एक शिक्षिका, इटलीतील एक टपालखात्यातील गृहस्थ, अशी ती माणसे. कोणी धनिक नव्हे, कोणी पंडित नव्हे. सात वर्षे पत्रव्यवहार चालला. परस्परांच्या घरची लग्ने, आजारपणे, नातवंडांची नावे आम्हांस ठाऊक. परंतु प्रत्यक्ष तोंड कोणी पाहिलेले नाही. ही मंडळी दरवर्षी जूनच्या अखेरीस फ्रान्समधील व्होज पर्वतात जमत असत. "या वर्षी तुम्ही आलेच पाहिजे," असे त्यांनी लिहिले. आम्ही पतपेढीचे कर्ज काढले आणि निघालो.

व्होज पर्वत म्हणजे हिमालय नव्हे. त्याचे सर्वांत उंच शिखर १४२४ मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे डोंगर आपल्याच सह्याद्रीच्या अंगलटीचा. मात्र काळ्या कातळाऐवजी तेथे ग्रॅनाइट आणि तांबडा वालुकाश्म, आणि करवंदीच्या जाळीऐवजी देवदारासारख्या वृक्षांची दाट राई. बाझेलहून आगगाडीने सेलेस्टा आणि तेथून मोटारीने दरीत शिरले, की सँत-मारी-ओ-मीन हे गाव लागते. नावाचाच अर्थ 'खाणींजवळची मेरीमाता'. सोळाव्या शतकात येथे रुप्याच्या खाणी भरभराटीस आल्या होत्या. आज गावाची वस्ती जेमतेम पाच हजार; परंतु १९६० च्या दशकापासून येथे दरवर्षी जूनमध्ये खनिजांचा मोठा मेळा भरतो. गल्लोगल्ली तंबू लागतात आणि जगातील शेकडो विक्रेते आपापले दगड मांडून बसतात. आपल्या जेजुरीची यात्राच म्हणा ना! फरक इतकाच, की येथे भंडाऱ्याऐवजी दगड.

मोटारीतून उतरताच ते पाववाले गृहस्थ समोर उभे होते. हातात फलक वगैरे काही नव्हते. आम्ही परस्परांस क्षणार्धात ओळखले. त्यांस मराठी येत नाही, आम्हांस जर्मन येत नाही. इंग्रजी दोघांचीही मोडकी. परंतु त्यांनी खिशातून एक खडा काढून आमच्या हातावर ठेविला आणि सौभाग्यवतीने पिशवीतून आपल्याकडचा एक खडा काढून त्यांच्या हातावर ठेविला. नमस्कार झाला!

येथे आमची एक फजितीही सांगितली पाहिजे. प्रागच्या बाईंसाठी आम्ही ओकेनाइटचा एक नमुना नेला होता. कापसाच्या गोळ्यासारखा दिसणारा हा दगड इतका नाजूक, की बोट लागले तरी त्याचे तंतू चेपतात. आम्ही तो पेटीत नीट बसविला नाही. उघडून पाहतो तो गोळा बसलेला! आम्ही ओशाळलो. बाई म्हणाल्या, "दगड मोडला, माणसे तर सुखरूप पोहोचली." तो चेपलेला दगडही त्या आनंदाने घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी मंडळींनी आम्हांस एका जुन्या खाणीत नेले. डोक्यावर टोप, हातात दिवा, पायांखाली पाणी, आणि एक माणूस कसाबसा जाईल एवढीच वाट. सुरुंगाची दारू खाणीत येण्यापूर्वी तो कातळ माणसांनी हातोडा आणि टाकी घेऊन तासला होता. अशा कामात दिवसाकाठी काही सेंटिमीटरच पुढे सरकता येई. दिव्याच्या उजेडात भिंतीवर टाकीचे घाव दिसले. ओळीने, तिरपे, एकाखाली एक. बंधूंनो, ते घाव आम्ही ओळखले! पाटा टाकताना, जाते घडविताना आपल्या घरोघर जे घाव पडत आले, तेच ते. आम्ही भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिलो. वाटाड्याने विचारले, "प्रकृती ठीक आहे ना?" आम्ही म्हटले, "ठीक आहे. घरची माणसे भेटली."

त्याच सायंकाळी खिंडीवर, सुमारे ७७० मीटर उंचीवर, एका शेतकऱ्याच्या खाणावळीत आमचे स्नेहसंमेलन झाले. तेथील रिवाज असा, की प्रत्येकाने आपला एक दगड मेजावर ठेवावा आणि तो कोठून, कसा, कोणाकडून आला हे सांगावे. आमची पाळी आली तेव्हा आम्ही वडिलांची ती हिरवी गार ठेविली आणि पाषाणची खाण, सुरुंग, पागोट्याचा शेव हे सर्व सांगितले. कन्येने इंग्रजीत लिहून दिलेले होते, तेच वाचले. सर्व मंडळी स्तब्ध बसून होती. मग पाववाल्यांनी आपल्या पेटीतून एक नमुना काढून शेजारी ठेविला. तशीच हिरवी गार. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी ती विकत घेतली होती. खाली पिवळा पडलेला कागद होता. त्यावर खनिजाचे नाव, 'पूना, इंडिया' आणि विकणाऱ्याचे नाव. त्यांनी आम्हांस विचारले, "ही बाहेर कोणी काढली? तुमच्या वडिलांनी असेल काय?"

आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. वडिलांनी काढली असे म्हणण्यास पुरावा नव्हता आणि खोटे बोलण्याची ती जागा नव्हती. आम्ही म्हटले, "आमच्या वडार समाजातील कोणीतरी काढली असावी, एवढेच सांगता येईल." त्यांनी लेखणी काढली आणि त्या कागदाखाली तेवढेच लिहून घेतले, पुढे 'नाव अज्ञात' असे दोन शब्द घातले.

त्या दोन शब्दांनी त्या रात्री आम्हांस झोप येऊ दिली नाही.

तेथील एका चित्रकाराने, हाइन्रिख ग्रोस त्याचे नाव, सोळाव्या शतकात शेजारच्या ला क्रुआ गावच्या खाणीची रंगीत चित्रे काढून ठेविली आहेत. स्नेह्यांनी त्या चित्रांचे पुस्तक आम्हांस दाखविले. दगड फोडणारे, गाडे ढकलणारे, धातूचा दगड निवडणारे मजूर त्यांत आहेत. पाचशे वर्षांपूर्वीच्या मजुरांचे निदान चित्र तरी राहिले. आपले काय? लोहमार्गांच्या माती-दगडकामावर आपल्या समाजाची कुटुंबेच्या कुटुंबे राबली, हे इतिहासकारांनी नोंदले आहे. परंतु नावे कोठे आहेत? संग्रहालयात दगडाचे नाव आहे, गावाचे आहे, विद्वानाचे आहे, देणगीदाराचे आहे. ज्याच्या हाताने तो दगड प्रथम उजेडात आला, त्याचे नाव तेवढे नाही.

आपला गैरसमज होऊ नये. खाणीचे आयुष्य चांगले होते, मुलांनी पुन्हा तेथेच जावे, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. त्या धुळीने आमचे वडील नेले. मुलामुलींनी शिकावे, आणि ज्यांस गोडी असेल त्यांनी भूशास्त्रही शिकावे. ज्या कातळावर आजोबांनी घण घातला त्याचे शास्त्र नातवाने सांगावे, यासारखे समाधान दुसरे नाही. तसेच दोष व्यापाऱ्यांस देऊनही आम्ही मोकळे होणार नाही. त्यांनी नाव विचारले नाही हे खरे. परंतु आम्ही तरी आपल्या वडिलांस त्यांच्या सोबत्यांची नावे कधी विचारली?

म्हणून परत आल्यावर आम्ही एक वही घातली आहे. वस्तीतील वृद्धांकडे जाऊन बसतो आणि विचारतो: कोणत्या खाणीत होता, कोणत्या साली, बरोबर कोण कोण होते, कोणती गार पाहिल्याचे आठवते? आजपर्यंत ४३ नावे उतरली आहेत. त्यांत ११ नावे स्त्रियांची आहेत. कारण खडी फोडणारे हात बहुतांशी त्यांचेच होते. आमच्या प्रवासाची थट्टा करणारे ते वृद्ध गृहस्थ या वहीत सातव्या ओळीवर आहेत. नाव सांगून झाल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "गुरुजी, नीट लिहिलेत ना? एकदा वाचून दाखवा."

आमची मंडळाकडे नम्र विनंती दोनच गोष्टींची आहे. कचेरीत एक काचेचे कपाट असावे आणि ज्यांच्या घरी अशी एखादी गार असेल त्यांनी ती तेथे ठेवावी. खालच्या चिठ्ठीवर दगड, खाण, साल आणि काढणाऱ्याचे नाव अशा चार ओळी असाव्यात. आरंभ म्हणून वडिलांची हिरवी गार आम्ही आज अध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहोत. दुसरे असे, की घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या घरातील वृद्धास जवळ बसवून घ्यावे आणि नावे लिहून आणावीत. हे काम पुढल्या वर्षावर ढकलण्याजोगे नाही. माणसे थांबत नाहीत.

यंदाच्या जूनमध्ये आम्हांस जाणे झाले नाही. परंतु पाववाल्यांचे पत्र आले आहे. "त्या कागदावर दोन शब्द खोडावयाचे राहिले आहेत," असे ते लिहितात. त्यांची ती गार कोणी काढली हे कदाचित कधीच कळणार नाही. पण तिच्या पुढच्या गारांखाली तरी ते दोन शब्द पडू नयेत, एवढे करणे आपल्या हाती आहे.