पाण्याखालची बॅटरी घेताना

आम्ही मालवणजवळच्या एका किनारी गावातल्या बचत गटाच्या बायका. आमच्याकडे पर्यटक उतरतात, जेवतात आणि स्कुबा करायला समुद्रात जातात. त्यांना पाण्याखाली नेणारे गाईड आमच्याच घरातले मुलगे आणि दीर आहेत. म्हणून त्यांच्या हातातली बॅटरी कशी असावी, हा आमच्या गटाच्या बैठकीतला विषय झाला.

भर दिवसा बॅटरी कशाला, असं आम्हीही विचारलं होतं. पण पाणी सूर्याच्या उजेडातला लाल रंग आधी शोषून घेतं. पाच मीटर खाली लाल रंग फिका पडू लागतो आणि दहा मीटरवर लालभडक वस्तूही करडी-काळपट दिसते. बॅटरी जवळ धरली की खरा रंग परत दिसतो. खडकाच्या कपारीत बसलेला मासाही उजेड टाकल्याशिवाय दिसत नाही. शिवाय गढूळ पाण्यात सोबत्याला खूण करायला बॅटरीच लागते. उजेडाचं सावकाश गोल वर्तुळ म्हणजे सगळं ठीक. उजेड जोरात आडवा हलवला तर काहीतरी बिघडलंय, लगेच लक्ष द्या.

गेल्या हंगामात आम्ही मोबाईलवर बघून नऊशे रुपयांची बॅटरी मागवली. खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ असं मोठ्या अक्षरांत होतं. तिसऱ्या बुडीत तिच्यात पाणी शिरलं आणि ती विझली. पाणी उथळ होतं, दिवस होता, म्हणून निभावलं. पैसे गेले ते गेलेच, पण ज्या वहिनींचा मुलगा खाली होता, त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

या वेळी आम्ही आधी बैठकीच्या वहीत प्रश्न लिहिले, मग दुकानदाराला फोन केला.

पहिला प्रश्न: किती मीटर खोलीसाठी? दर दहा मीटरला पाण्याचा दाब आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेच्या दाबाइतका वाढतो. पावसात टिकणारी बॅटरी तिथे टिकेलच असं नाही. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द पुरेसा नाही. डायव्हिंगसाठीची खोली मीटरमध्ये लिहिलेली हवी, आणि ती आपण जातो त्यापेक्षा बरीच जास्त हवी.

दुसरा: झोत अरुंद की पसरट? ल्युमेन म्हणजे एकूण किती उजेड पडतो ते. आकडा मोठा म्हणजे बॅटरी चांगली, असं नाही. आंबोलीच्या धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावला की समोर नुसता पांढरा पडदा दिसतो. गढूळ पाण्यात पसरट झोताचं तसंच होतं. व्हिडिओ काढणाऱ्यांना पसरट झोत लागतो. आमच्या पाण्यात गाईडला अरुंद झोत बरा, साधारण दहा अंशांचा. आम्ही हजार ल्युमेनची घेतली.

तिसरा: पूर्ण उजेडावर किती वेळ चालते? खोक्यावरचा वेळ बऱ्याचदा मंद उजेडाचा असतो. बुडीच्या वेळेपेक्षा बराच जास्त वेळ मिळायला हवा. रात्रीच्या बुडीला प्रत्येकाकडे दुसरी छोटी बॅटरीही हवीच.

चौथा: सेल कोणता? आमच्या बॅटरीत 18650 नावाचा सेल बसतो: 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब. त्यावर 9900 मिलिअँपिअर-अवर लिहिलं असेल तर तो खोटा समजा. या मापाच्या सेलची खरी ताकद साडेतीन-चार हजारांच्या वर जात नाही.

मैत्रिणींनो, महागातली बॅटरीही एका केसाने बुडते. तिच्या झाकणाला रबरी रिंग असते, आपल्या कुकरला असते तशीच. रिंगेत भाताचं शीत अडकलं तर कुकरची वाफ बाहेर जाते. इथे वाळूचा एक कण अडकला तर पाणी आत येतं. म्हणून रिंग स्वच्छ पुसायची, कंपनीने सांगितलेलं ग्रीस बोटाने अगदी पातळ लावायचं, चीर दिसली तर रिंग बदलायची. समुद्रातून आल्यावर बॅटरी गोड्या पाण्यात भिजवायची, कोरडी पुसायची, मगच झाकण उघडायचं. पावसाळ्यात स्कुबा बंद असतं, तेव्हा सेल काढून वेगळा ठेवायचा.

आणि एक जपा. पाणी शिरलेल्या बॅटरीत वायू साठून दाब वाढलेला असू शकतो. ती तोंडासमोर धरून उघडू नका, पोरांच्या हातात देऊ नका आणि तिच्यातला भिजलेला सेल पुन्हा चार्ज करू नका.

नवी बॅटरी सहा हजारांच्या आत आली. एक ताई म्हणाल्या, ‘एवढे पैसे?’ त्यावर जुन्या बॅटरीच्या वेळी न जेवलेल्या वहिनीच बोलल्या, ‘माझा हप्ता आधी लिवा.’ आता रिंग कोणी तपासली, कधी तपासली, हे हप्त्यांच्याच वहीत लिहितो. त्या तारखेपुढे सही नसेल तर बॅटरी होडीत चढत नाही.