चिलापी: ताटात चालेल, तळ्यात नको

बचत गटाच्या बैठकीत हल्ली शेततळ्यात मासे सोडायचा विषय सारखा निघतो. कुणीतरी म्हणतं, "चिलापी सोडू या, बीज विकत घ्यायला नको, आपोआप वाढते." म्हणून आज आम्ही या चिलापीचीच माहिती सांगणार आहोत.

चिलापी म्हणजे तिलापिया. ही आपल्या कृष्णा-कोयनेची मूळची नाही. तिचं माहेर आफ्रिकेत, मोझांबिककडच्या नद्यांत. आपल्या देशात ती 1952 साली आणली, लोकांना स्वस्त मासळी मिळावी म्हणून. पण ती फार पसरते हे लवकरच कळलं आणि 1959 साली तिचा प्रसार थांबवायचं ठरलं. तोवर उशीर झाला होता. आज शेजारच्या उजनी धरणात जाळं टाकलं की चिलापीच जास्त येते.

ती एवढी का वाढते? रोहू, कटला लाखांनी अंडी घालतात, पण त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. साचलेल्या तळ्यात ते अंडी घालत नाहीत, म्हणून बीज दरवेळी विकत आणावं लागतं. शिवाय घातलेली अंडी ते तशीच सोडून जातात. चिलापीचं उलटं आहे. नर तळाच्या मातीत वाटीसारखा खड्डा करतो. मादी तिथं काही शेच अंडी घालते, पण लगेच ती तोंडात घेते. अंडी तोंडातच फुटतात. पिल्लं पोहायला लागेपर्यंत तिथंच असतात. तेवढे दिवस ती जवळजवळ उपाशी राहते. पुढंही धोका दिसला की पिल्लं पळत येऊन आईच्या तोंडात शिरतात. आईच्या या राखणीमुळं बरीच पिल्लं जगतात. उबेच्या दिवसांत महिना-दीड महिन्यानं ती पुन्हा अंड्यावर येते.

आता हेच आपल्या तळ्यात झालं तर काय होईल? दोन-तीन महिन्यांची चिलापीसुद्धा अंडी घालू लागते. तळं भरतं, खाद्य पुरत नाही, सगळ्यांची वाढ खुंटते. वर्षाच्या शेवटी हातात बोटाएवढे मासे येतात, त्यांना गिऱ्हाईक नाही. सोबत सोडलेल्या रोहू-कटल्याचं खाद्यही त्यांनी खाल्लेलं असतं. तळं फुटलं किंवा ओढ्याला पाणी गेलं की ती नदीत पोचते. तिथं ती शेवाळ, किडे आणि कधी दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लंही खाते. मरळ, वाम यांच्यावर जगणाऱ्या आपल्या भोई बायांना हे परवडणारं नाही.

गंमत अशी, की तिच्या माहेरी हीच चिलापी आता धोक्यात आहे. तिथं माणसानं नाईल नदीकडची दुसरी तिलापिया आणून सोडली आणि दोघींचा संकर होऊ लागला.

मग करायचं काय? चिलापी बाजारात मिळाली तर जरूर खा, विका. पण जिवंत कुठल्याच पाण्यात सोडू नका. पाझर तलावातही नाही. शेततळ्यासाठी रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली खात्रीच्या ठिकाणाहून घ्या आणि सोडण्याआधी घमेल्यात ओतून नीट बघा, त्यात चिलापीचं पिल्लू नको. नदीचं किंवा कॅनॉलचं पाणी तळ्यात घेताना पाईपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. तळ्यात चिलापी शिरलीच असेल, तर उन्हाळ्यात पाणी उपसून तळ चांगला वाळू द्या. एखादं डबकं राहिलं तरी ती त्यात टिकते. तिलापियाचीच शेती करायची असेल, तर त्याला परवानगी लागते आणि फक्त नरांचं बीज वापरतात. त्यासाठी आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

पुढच्या बैठकीत शेततळ्याचा विषय निघाला, की बीज कुठून आणायचं हे आधी ठरवा, पैसे नंतर काढा.