माळाचे वैभव : बोराटी

(लोणी काळभोर येथे वृक्षारोपणासाठी जमलेल्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



खाली कालव्याच्या पाण्यावर डोलणारी शेते आणि वर रामदऱ्याकडचा खडकाळ माळ, ही लोणी काळभोरची दोन्ही रूपे आपल्या परिचयाची आहेत. पुण्याहून पूर्वेस यावे तसा पाऊस उणावत जातो. माळ ‘उजाड’ ठरवून आपण दर पावसाळ्यात रोपे लावतो आणि चैत्रात वाळलेल्या काड्या मोजतो. दोष कष्टांचा नाही, निवडीचा आहे.

पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावले गेले. मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड झटपट वाढते हे खरे. परंतु आपल्या पाखरांना त्याचे फळ मिळत नाही.

याउलट आपली काटेरी बोराटी पाहा. हिचे मूळ खोल जाते. पानांच्या खालच्या अंगावर दाट पांढरी लव असते, त्यामुळे बाष्पीभवन मंदावते. हिची बोरे बुलबुल खातात, कोल्हे खातात आणि विष्ठेतून बिया पसरवतात. खाटीक पक्षी आपले भक्ष्य हिच्याच काट्यांना टोचून ठेवतो. बारामती तालुक्यातील सुपे येथे १९९७ साली घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य अशाच गवताळ, काटेरी माळावर आहे. तेथे चिंकारा सुखाने नांदतो. राजस्थानात हिचा वाळवलेला पाला शेळ्या-मेंढ्यांसाठी साठवतात.

लागवडीस खर्च नाही. पिकलेल्या रानबोरांचा गर धुऊन बिया सावलीत वाळवाव्यात. कठीण कवच हलकेच फोडून आतले बी पेरल्यास ते लवकर उगवते. सोटमूळ दुखावू नये म्हणून पहिल्या पावसानंतर बी जागेवरच टोकावे. शेळ्यांना कोवळी पाने प्रिय, तेव्हा पहिली दोन वर्षे काट्यांचे कुंपण हवेच. मात्र मधले गवत राखावे. माळाचे जंगल करावयाचे नाही. माळ माळच राहिला पाहिजे, कारण अनेकांचे ते घर आहे.

शबरीच्या बोरांची कथा आपण मुलांना सांगतो, संक्रांतीला बोरन्हाण घालतो. येत्या संक्रांतीला मुलांनी रानबोरांच्या बिया फेकून न देता डबीत जपाव्यात. मृगाच्या सरी आल्या की त्या घेऊन आपण पुन्हा याच माळावर भेटू.