अक्षरांच्या सोंगट्या आणि शब्दाचा अर्थ



‘स्क्रॅबल’ हा इंग्रजी शब्दरचनेचा खेळ पुष्कळांच्या ऐकिवात असेल. त्याच्या पटावर 225 घरे असतात आणि सोंगट्या 100. पैकी 98 सोंगट्यांवर एकेक अक्षर असते व 2 कोऱ्या असतात. दोघे प्रतिस्पर्धी न पाहता प्रत्येकी 7 सोंगट्या उचलतात आणि पटावरील शब्दांना जोडून आळीपाळीने नवे शब्द रचतात. काही घरांवर गुण दुप्पट वा तिप्पट होतात. त्यामुळे शब्दसंग्रहाबरोबर हिशेबाचीही कसोटी लागते.

हा खेळ अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ आल्फ्रेड बट्स यांनी 1930 नंतरच्या मंदीत, हाताला काम नसताना रचला. कोणते अक्षर किती वेळा येते, हे त्यांनी वृत्तपत्रातील मजकुरावरून मोजले. म्हणूनच ‘ई’च्या सोंगट्या 12 व गुण 1, तर ‘क्यू’ची सोंगटी एकच आणि गुण 10. पुढे 1948 मध्ये जेम्स ब्रूनो यांनी खेळास ‘स्क्रॅबल’ हे नाव दिले.

मराठी शाळेत हा खेळ जसाच्या तसा आणता येणार नाही. बाराखडीतील प्रत्येक रूपाची सोंगटी करावी, तर संख्या चारशेच्या घरात जाते. मात्रा सुट्या कराव्यात, तर पहिली वेलांटी अक्षराआधी आणि उकार अक्षराखाली येतो. यावर सोपा उपाय असा : पुठ्ठ्याच्या चौकोनांवर केवळ व्यंजने, आणि स्वरांसाठी ‘अ’, एवढेच लिहावे, काना, मात्रा, वेलांटी खेळणाऱ्याने योजावी. क, म, ल या तीन सोंगट्यांतून कमल, कमाल, कोमल असे शब्द निघतात. रचलेला शब्द मुलाने वहीत शुद्ध लिहावा. गुण ठरविण्यासाठी पाठ्यपुस्तकाचे एक पान मुलांकडूनच मोजून घ्यावे. ‘र’ आणि ‘त’ स्वस्त व ‘ढ’ महाग का, हे त्यांना आपोआप उमगेल.

मात्र एक प्रश्न उरतो : शब्द म्हणजे काय? न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद मिळविले. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. शब्द त्यांनी पाठ केले होते. स्मरणशक्तीचा हा पराक्रम थोर खरा. परंतु प्राथमिक शाळेचे साध्य ते नव्हे.

वर्गात याच्या उलट प्रसंग येतो. वऱ्हाडातील मूल ‘पोट्टा’ मांडते, मालवणातील मूल ‘चेडू’ मांडते. शब्द पुस्तकात नाही. अर्थ मात्र मुलाला पुरता ठाऊक आहे. असा शब्द शिक्षकाने पटावरून उचलून टाकला, तर केवळ गुण जात नाहीत. आपल्या घरची भाषा शाळेत चालत नाही, हेही ते मूल त्याच क्षणी शिकते आणि पुढे गप्प बसते. म्हणून या खेळाला एकच जादा नियम असावा : शब्द मांडणाऱ्याने त्याचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करावा. अर्थ सांगता आला, की गुण द्यावेत आणि त्याशेजारी प्रमाण मराठीतील शब्द फळ्यावर लिहावा. त्यायोगे घरचा शब्द टिकेल आणि वर्गाच्या पदरी आणखी एक शब्द पडेल.